लघवीचा त्रास, तपासणी आणि ऑपरेशन : विचारल्याशिवाय होकार नको

पुरुषांच्या लघवीचा त्रास हा विषय आपल्या घरात कुणी काढत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर तो मुद्दाम घेतला आहे. हा लेख घरातल्या बायकांनीही वाचावा. नवरा किंवा सासरे रात्री किती वेळा उठतात, हे डॉक्टरच्या आधी त्यांनाच माहीत असते.

वस्तीत काय चालते ते आपल्याला ठाऊक आहे. पन्नाशी-साठीचा माणूस रात्री तीन-चार वेळा उठतो. सार्वजनिक शौचालय गल्लीच्या टोकाला असते. पावसाळ्यात चिखल, त्यात दिवा बंद. मग तो संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडतो. वॉचमन, रिक्षावाला, बांधकामावरचा मजूर, सफाई कामगार यांना दिवसभर लघवी दाबून धरायची सवयच लागलेली असते. विचारले तर एकच उत्तर मिळते, "वय झालं आता." आणि एखाद्या रात्री लघवी पूर्ण तुंबते. नर्स म्हणून रात्रपाळी करताना अशी माणसे कळवळत आलेली मी पाहिली आहेत. ओटीपोट दगडासारखे कडक झालेले असते. नळी घातली की लिटरभर लघवी बाहेर येते आणि धडधाकट माणूस मुलासारखा रडतो.

हे झाले एक टोक, म्हणजे लाजेने गप्प बसण्याचे. दुसरे टोक घाबरून जाण्याचे. कुणी सांगितली ती तपासणी करायची, कुणी दाखवला त्या कागदावर अंगठा द्यायचा आणि कर्ज काढून ऑपरेशन करायचे. या दोन्हींच्या मधला मार्ग आहे. तो म्हणजे समजून घेणे आणि विचारणे. गेल्या काही दशकांत या आजारावर मोठे संशोधन झाले आहे. कुणाला औषध पुरते, कुणाला ऑपरेशन लागते आणि कुणी थांबले तरी चालते, याची बरीच उत्तरे आज हातात आहेत. ती आपल्या वस्तीपर्यंत यावीत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

प्रोस्टेट म्हणजे काय?

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली मोठ्या सुपारीएवढी किंवा अक्रोडाएवढी एक गाठ असते. तिला प्रोस्टेट ग्रंथी म्हणतात. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. लघवीचा मार्ग तिच्या मधोमध जातो. वयाबरोबर ही ग्रंथी वाढते आणि आतली वाट दाबली जाते. पन्नाशी ओलांडलेल्या साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते. ऐंशीच्या पुढे ती बहुतेकांत असते.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचे पुढे कॅन्सरमध्ये रूपांतरही होत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर हा वेगळा आजार आहे. तो सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रंथी किती मोठी यावर त्रास ठरत नाही. मोठी ग्रंथी असलेला माणूस आरामात असतो आणि लहान ग्रंथीचा हैराण. म्हणून सोनोग्राफीत नुसते "प्रोस्टेट वाढलेले" लिहिले म्हणून ऑपरेशन ठरत नाही.

घरी बसून विचारायचे सात प्रश्न

जगभरचे डॉक्टर सात प्रश्नांची एक पद्धत वापरतात. ती १९९२ मध्ये अमेरिकेत तयार झाली. गेल्या महिन्याभराचा विचार करून पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण द्यायचे. कधीच नाही तर ०, जवळजवळ नेहमी तर ५.

१. लघवी झाल्यावरही आत काही राहिले असे वाटते का?
२. दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते का?
३. धार मध्येच तुटते आणि पुन्हा सुरू होते का?
४. लागली की रोखणे कठीण जाते का?
५. धार बारीक झाली आहे का?
६. सुरू करायला जोर लावावा लागतो का?
७. रात्री झोपेतून किती वेळा उठावे लागते? (जितक्या वेळा तितके गुण, पाच किंवा जास्त वेळा असेल तर ५.)

बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० ते ३५ तीव्र. याशिवाय आठवा प्रश्न असतो. उरलेले आयुष्य असेच काढायचे झाले तर कसे वाटेल? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. उपचार किती करायचा हे फोटो किंवा रिपोर्ट एकटा ठरवत नाही. तुम्हाला किती त्रास होतो आहे, तेही ठरवते. हे गुण कागदावर लिहून दवाखान्यात घेऊन जा. गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटे मिळतात, तेव्हा हा कागद तुमच्या वतीने बोलतो.

पहिल्या तपासण्या साध्या आहेत

लघवीची तपासणी, रक्तातली साखर, क्रिएटिनिन म्हणजे किडनीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. एवढ्यावर बरेच कळते. वारंवार लघवीला जाण्याचे कारण कधी कधी प्रोस्टेट नसून शुगर असते. सोनोग्राफी दोनदा पाहतात, आधी भरलेल्या मूत्राशयावर आणि मग लघवी करून आल्यावर. दुसऱ्या वेळी आत किती लघवी शिल्लक राहिली ते मोजतात. हा आकडा रिपोर्टमध्ये आहे का, ते विचारा. शिल्लक सतत जास्त राहिली तर किडनीवर दाब येतो. डॉक्टर गुदद्वारातून बोट घालूनही ग्रंथी तपासतात. लाज वाटते, पण अर्ध्या मिनिटाची ती तपासणी बिनखर्चाची आणि कामाची आहे.

गोळ्या, जडीबुटी आणि चिठ्ठीचा न्याय

एखादे औषध खरे काम करते का, हे कसे कळते? शंभर जणांना दिले आणि साठ जणांना बरे वाटले, एवढ्याने सिद्ध होत नाही. लघवीचा त्रास आपोआपही कमी-जास्त होतो. औषध मिळाले या समाधानानेही बरे वाटते. म्हणून संशोधनात लोकांचे गट चिठ्ठी टाकावी तसे पाडतात. एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. कुणाला काय मिळाले, हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसते. शेवटी दोन्ही गटांची तुलना करतात. पैसा, जात आणि ओळख या चिठ्ठीपुढे चालत नाही.

अमेरिकेत ३,०४७ पुरुषांवर असा मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. एक गोळी वाट सैल करणारी होती, डॉक्साझोसिन. आपल्याकडे याच जातीची टॅम्सुलोसिन जास्त दिली जाते. दुसरी ग्रंथी आक्रसवणारी, फिनास्टेराइड. सरासरी साडेचार वर्षांनी दिसले की नकली गोळीच्या तुलनेत आजार वाढण्याचा धोका पहिल्या गोळीने ३९ टक्क्यांनी, दुसरीने ३४ टक्क्यांनी आणि दोन्ही मिळून ६६ टक्क्यांनी कमी झाला. लघवी तुंबणे आणि ऑपरेशन लागणे मात्र वाट सैल करणाऱ्या गोळीने एकटीने टळले नाही. त्यासाठी फिनास्टेराइड लागले. म्हणजे मोठ्या ग्रंथीच्या माणसाने आठ दिवसांत बरे वाटले म्हणून मनाने गोळी सोडू नये. फिनास्टेराइडला परिणाम दाखवायला सहा महिने लागतात.

आता जडीबुटी. अमेरिकेतल्या एका ताडासारख्या झुडपाच्या फळाचा अर्क सॉ पाल्मेटो या नावाने प्रोस्टेटवर जगभर विकला जातो. २००६ मध्ये २२५ पुरुषांवरचा, तर २०११ मध्ये ३६९ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्यात तिप्पट मात्राही देऊन पाहिली. दोन्ही वेळा तो नकली गोळीपेक्षा सरस ठरला नाही. "ऑपरेशनशिवाय हमखास इलाज" अशी जाहिरात भिंतीवर दिसली तर हे आकडे आठवा.

गोळ्यांबद्दल तीन सूचना. टॅम्सुलोसिनने झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री आधी बसा आणि मग उठा. मोतीबिंदूच्या शिबिरात जाणार असाल तर ही गोळी घेतो किंवा पूर्वी घेत होतो, असे डोळ्यांच्या डॉक्टरला आधीच सांगा. या गोळीने बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशनमध्ये अडचण येते. फिनास्टेराइडने पीएसए या रक्तचाचणीचा आकडा जवळपास निम्मा होतो, तेही डॉक्टरला सांगा.

ऑपरेशन लगेच की थांबून?

साध्या वाढीचे नेहमीचे ऑपरेशन दुर्बिणीतून होते. पोटावर चिरा नसतो. लघवीच्या वाटेनेच आत जाऊन वाढलेला भाग खरवडून काढतात. मध्यम त्रास असलेल्या ५५६ पुरुषांवर अमेरिकेत अभ्यास झाला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठीने दोन गट केले. एका गटाचे लगेच ऑपरेशन केले आणि दुसऱ्याला नजरेखाली ठेवले. तीन वर्षांत ऑपरेशन झालेल्या २८० पैकी २३ जणांची प्रकृती बिघडली किंवा उपचार फसला. थांबलेल्या २७६ मध्ये असे ४७ होते. थांबलेल्यांपैकी साधारण चौघांतल्या एकाला तीन वर्षांत ऑपरेशन करून घ्यावे लागले.

याचा अर्थ ऑपरेशन गुणकारी आहे. ज्यांना त्रास जास्त जाणवत होता, त्यांना त्याचा फायदाही जास्त झाला. पण थांबलेल्या बहुतेकांचे काही बिघडले नाही, हेही तितकेच खरे. त्रास मध्यम असेल, किडनी ठीक असेल आणि लघवी शिल्लक राहत नसेल, तर "आजच दाखल व्हा" अशी घाई नसते. विचार करायला वेळ असतो.

मात्र लघवी पुन्हा पुन्हा तुंबते, मूत्राशयात खडा झाला आहे, वारंवार जंतुसंसर्ग होतो, लघवीतून रक्त येते किंवा किडनीवर परिणाम झाला आहे, अशा वेळी टाळाटाळ करू नका. तिथे ऑपरेशन किडनी वाचवते.

पुरुषांच्या मनातली भीती मला माहीत आहे. "मर्दानगी जाईल का?" वर सांगितलेल्या अभ्यासात ऑपरेशनमुळे नपुंसकत्व किंवा लघवी गळणे वाढलेले दिसले नाही. पण एक बदल बऱ्याच जणांत होतो. संभोगाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीवाटे निघते. त्याने इजा होत नाही. पण हे आधी सांगितलेले नसेल तर माणूस मनातून खचतो. ऑपरेशनपूर्वी ते सांगणे डॉक्टरचे काम आहे आणि विचारणे आपला हक्क.

पीएसए, एमआरआय आणि कॅन्सरची भीती

१४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात कधी कधी पीएसए ही रक्तचाचणी मोफत करतात. ती करणे वाईट नाही. पण हा आकडा कॅन्सरशिवायही वाढतो. साधी वाढ, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, नुकतीच घातलेली नळी, या सगळ्यांनी तो चढतो. ब्रिटनमध्ये चार लाखांहून जास्त पुरुषांवर अभ्यास झाला. काहींना एकदा पीएसए करायला बोलावले, बाकीच्यांना नाही. १५ वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू बोलावलेल्यांत ०.६९ टक्के होते आणि न बोलावलेल्यांत ०.७८ टक्के. फरक आहे, पण हजारात एकापेक्षाही कमी. म्हणून आकडा वाढलेला दिसला की झोप उडवू नका. आधी जंतुसंसर्ग बरा करून चाचणी पुन्हा करावी का, ते विचारा.

पूर्वी आकडा वाढला की थेट बायोप्सी करत, म्हणजे सुईने ग्रंथीचे दहा-बारा तुकडे अंदाजाने घेत. ब्रिटनमधल्या ५७६ पुरुषांवर झालेल्या प्रॉमिस नावाच्या अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवले की अशा बायोप्सीने धोक्याच्या कॅन्सरपैकी निम्म्याहून कमी, ४८ टक्केच सापडत होते. एमआरआयने ९३ टक्के पकडले. पण एमआरआय खोटी शंकाही बरीच घेतो, म्हणून फक्त त्याच्यावर कॅन्सर ठरत नाही. पुढच्या वर्षी ५०० पुरुषांवरच्या प्रिसिजन अभ्यासात आधी एमआरआय करून फक्त संशयाच्या जागी सुई घातली. धोक्याचे कॅन्सर २६ ऐवजी ३८ टक्के लोकांत सापडले. ज्यांनी कधी त्रास दिला नसता असे निरुपद्रवी कॅन्सर २२ वरून ९ टक्क्यांवर आले. एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांना सुई लावावीच लागली नाही. म्हणून बायोप्सी सांगितली तर "आधी एमआरआय करता येईल का?" असे जरूर विचारा. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत तो बाहेरच्यापेक्षा स्वस्त होतो.

आता सर्वांत महत्त्वाचा अभ्यास. त्याचे नाव प्रोटेक्ट. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या पुरुषांची पीएसए चाचणी झाली. कॅन्सर ग्रंथीतच असलेल्या १,६४३ जणांना सगळे पर्याय समजावून सांगितले. त्यांनी होकार दिल्यावर चिठ्ठीने तीन गट केले. एका गटावर फक्त नजर ठेवली, एकाची ग्रंथी काढली आणि एकाला शेक म्हणजे रेडिएशन दिले. १५ वर्षांनी, २०२३ मध्ये, आकडे जाहीर झाले. सगळे मिळून ४५ जण प्रोस्टेट कॅन्सरने गेले. नजर ठेवलेल्यांत १७, ऑपरेशनच्या गटात १२ आणि शेक दिलेल्यांत १६. तिन्हींत फारसा फरक नाही.

पण याचा अर्थ "काहीच करू नका" असा नाही. नजर ठेवलेल्या गटात शंभरातल्या ९ जणांचा कॅन्सर शरीरात पसरला, बाकीच्या दोन गटांत ५ जणांचा. नजर ठेवलेल्या अनेकांनी पुढे गरज पडली तेव्हा उपचार घेतले. दुसऱ्या बाजूला ऑपरेशनचीही किंमत होती. सहा महिन्यांनी त्या गटातल्या शंभरातल्या ४६ जणांना लघवी गळते म्हणून पॅड लावावे लागत होते, तर नजर ठेवलेल्यांत ४ जणांना. लैंगिक शक्तीवरही ऑपरेशनचा परिणाम सर्वांत जास्त होता. म्हणून कमी धोक्याचा कॅन्सर निघाला तर ठरवायला वेळ असतो. घर गहाण टाकायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.

हे सगळे ग्रंथीतच असलेल्या कॅन्सरबद्दल झाले. आपली माणसे अनेकदा उशिरा येतात. पाठ-कंबर सतत दुखते, वजन उतरते आणि घरचे मालिश करत बसतात. पसरलेल्या कॅन्सरवरही उपचार आहे. पुरुषी हार्मोन थांबवले की तो आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. हार्मोन इंजेक्शनने थांबवता येते किंवा अंडकोष काढण्याच्या छोट्या ऑपरेशनने. इंजेक्शन महाग पडते आणि पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. ऑपरेशन एकदाच आणि स्वस्त, पण कायमचे. दोन्ही पर्याय सांगितले गेले का, ते पाहा. गरीब आहे म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्याने निवड करू नये.

यंत्र मोठे की हात?

"रोबोटने ऑपरेशन" या जाहिरातीला भुलून कर्ज काढणारे आहेत. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथे ३२६ पुरुषांवर अभ्यास झाला. त्यात रोबोटने आणि हाताने केलेल्या ऑपरेशनची तुलना केली होती. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक शक्ती यांत दोन्हींत फरक दिसला नाही. करणाऱ्याच्या सरावाने मात्र फरक पडतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७२ सर्जनच्या अभ्यासात दिसले की ज्यांनी आधी १० च ऑपरेशने केली होती, त्यांच्या रुग्णांत पाच वर्षांत कॅन्सर परतण्याचे प्रमाण १७.९ टक्के होते. ज्यांनी २५० केली होती, त्यांच्याकडे ते १०.७ टक्के होते. म्हणून यंत्राची किंमत विचारण्यापेक्षा "डॉक्टरसाहेब, आपण अशी किती ऑपरेशने केली आहेत?" हे विचारा. अनेक सरकारी रुग्णालयांतले हात खाजगीपेक्षा जास्त सरावलेले असतात.

हे ज्ञान कुणाच्या अंगावरून आले?

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. न्यूयॉर्कमध्ये बोवरी नावाचा रस्ता आहे. पूर्वी तिथे बेघर, बेरोजगार आणि दारूच्या आहारी गेलेले पुरुष स्वस्त निवाऱ्यांत राहत. १९५१ ते १९६६ या काळात पेरी हडसन या डॉक्टरने तिथल्या बाराशेहून जास्त पुरुषांवर प्रोस्टेटचे संशोधन केले. स्वच्छ बिछाना, जेवण आणि कॅन्सर निघाला तर मोफत उपचार, हे आमिष होते. अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागी चिरा घेऊन ग्रंथीचा तुकडा काढत. कॅन्सर निघाला तर ग्रंथी काढत, अंडकोष काढत, बायकांचे हार्मोन देत. नपुंसकत्व येऊ शकते, गुदाशयाला इजा होऊ शकते, हे त्या माणसांना नीट सांगितलेले नव्हते. आणि तुलनेसाठी दुसरा गटच ठेवला नव्हता. त्यामुळे एवढ्या यातनांनंतरही लवकर शोधल्याने जीव वाचतो का, हे सिद्ध झाले नाही. डॉक्टर आणि इतिहासकार रॉबर्ट ॲरोनोविट्झ यांनी २०१३-१४ च्या सुमारास हे प्रकरण उजेडात आणले.

हा डॉक्टर कोलंबिया विद्यापीठाचा होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ मध्ये जिथे शिकले, तेच विद्यापीठ. ५ जून १९५२ रोजी त्याने बाबासाहेबांना सन्मानाची पदवी दिली, तेव्हा त्याच शहरात बोवरीतले हे काम चालू होते. त्या विद्यापीठाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण संस्था मोठी आहे, डॉक्टर नामांकित आहे, एवढ्यावर आपले शरीर कुणाच्या हवाली करू नये. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

मग संशोधनालाच नाही म्हणायचे का? नाही. प्रोटेक्टमध्ये भाग घेणारे जवळजवळ सगळे गोरे होते. आपल्यासारख्यांचे शरीर, आपला आहार, आपले उशिरा येणे त्या आकड्यांत नाही. एकेकाळी गरिबांना न विचारता वापरले. आता मोजणीतच धरले नाही, तर तेही नुकसानच आहे. संशोधनात जावे, पण विचारून जावे.

आपल्याकडे यासाठी २०१९ चे औषध चाचणी नियम आहेत. चाचणीची माहिती तुमच्या भाषेत लिहून मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर डॉक्टरांच्या बाजूचा नसलेला निःपक्ष साक्षीदार हजर हवा. संमतीपत्राची प्रत तुमच्या हातात हवी. चाचणीतून कधीही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद होत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे. अशी प्रत्येक चाचणी नैतिकता समितीने मंजूर केलेली असावी लागते. त्या समितीचा फोन नंबर संमतीपत्रावर असतो.

होकार देण्याआधीचे सहा प्रश्न

- मला नेमके काय झाले आहे? साधी वाढ की कॅन्सरची शंका?
- ही तपासणी केल्याने उपचारात काय बदलणार?
- लगेच केले नाही तर काय होईल? किती थांबता येईल?
- दुसरे पर्याय कोणते? प्रत्येकाचे त्रास काय?
- महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का? (योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.)
- हा नेहमीचा उपचार आहे की संशोधन?

हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. चांगला डॉक्टर अशा रुग्णावर रागावत नाही. एकट्याने धीर होत नसेल तर घरातली शिकलेली मुलगी किंवा विहारातला कार्यकर्ता सोबत न्या.

ताबडतोब जा

लघवी पूर्ण बंद झाली, लघवीतून रक्त आले, थंडी वाजून ताप आला आणि लघवी जळजळते, म्हाताऱ्या माणसाची लघवी न कळत गळून अंथरूण ओले होऊ लागले, पाठदुखीबरोबर पायातली शक्ती गेली, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि दारूनेही लघवी तुंबते. सर्दीचे औषध विचारून घ्या. दारूचे म्हणाल तर पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा आपल्याला तोंडपाठ आहेतच, प्रोस्टेटसाठीही त्या पाळा. आणि शौचालय लांब आहे म्हणून पाणी तोडू नका. दिवसा पुरेसे प्या, झोपण्यापूर्वीचे दोन तास कमी करा. रात्री म्हाताऱ्या माणसाला बाहेर जाणे जमत नसेल तर झाकणाचे भांडे जवळ ठेवा. त्यात लाज कसली?

विहारात जमाल तेव्हा हे पान एकाने मोठ्याने वाचावे आणि सात प्रश्नांचे गुण ज्याने त्याने आपल्या कागदावर लिहावेत. ज्याची बेरीज आठच्या वर जाईल, त्याला पुढच्या आठवड्यात दवाखान्यात कोण घेऊन जाणार, हे तिथेच ठरवा. वस्तीच्या शौचालयाला दिवा नसेल तर त्याचा अर्जही त्याच बैठकीत लिहा, कारण रात्री तिथे जाणारा माणूस आपल्याच घरातला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!